मेंदूचा झटका आणि प्रथिने न घडवणारा आरएनए : वाचकांचे प्रश्न

२०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या, म्हणजे स्वतः प्रथिन न घडवता इतर जनुकांच्या प्रथिननिर्मितीवर लगाम ठेवणाऱ्या चिमुकल्या आरएनए रेणूंच्या, शोधाबद्दल मिळाले. त्यावर या सदरात लिहिताना मी ओघात म्हटले होते की, पक्षाघातानंतर मेंदूचा जेवढा भाग वाचवता येईल तेवढा वाचवण्याच्या प्रयत्नांत असल्या रेणूंना मोठे स्थान मिळू शकेल. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली तेवढी उरलेल्या सबंध लेखावर आली नाहीत. त्यांपैकी सहा पत्रे येथे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. रोज पहाटे तळजाईवर फिरायला जातात. महिन्यापूर्वी फिरून आल्यावर चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला आणि बोलणे जड झाले. दीड तासात आम्ही रुग्णालय गाठले आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले. तेथील डॉक्टर म्हणाले, “मधला भाग गेला आहे, पण भोवतालचा अजून टिकून आहे.” हा भोवतालचा भाग म्हणजे काय, आणि आपण लिहिलेल्या आरएनएचा त्याच्याशी संबंध कसा? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : डॉक्टरांनी अगदी नेमके शब्द वापरले आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि अडीनडीसाठी साठवून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी जवळजवळ नाही. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलीटर रक्त मिळते. गुठळीने वाहिनी बंद होऊन हा पुरवठा १० मिलिलीटरच्या खाली उतरला की तेथील पेशी थोड्याच वेळात मरतात. हाच डॉक्टरांनी सांगितलेला ‘मधला भाग’. त्याच्या भोवती मात्र एक पट्टा असा असतो की ज्याला शेजारच्या वाहिन्यांतून झिरपत येणारे थोडे रक्त मिळत राहते. तेवढ्या रक्तावर तेथील पेशी जगतात, परंतु काम करू शकत नाहीत. सासऱ्यांचा हात लुळा पडला तेव्हा त्या हाताची सूत्रे सांभाळणाऱ्या सगळ्याच चेतापेशी मेल्या होत्या असे नव्हे. त्यांतल्या कित्येक नुसत्या गप्प झाल्या होत्या. या पट्ट्याला पेनम्ब्रा, म्हणजे उपच्छाया म्हणतात. ग्रहणाच्या वेळी गडद छायेभोवती जी विरळ छाया पडते तिचेच हे नाव आहे.

उपच्छायेतील पेशी किती वेळ तग धरतील हे फक्त रक्तावर ठरत नाही, आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग येथे सुरू होतो. ऊर्जा संपत आली की पेशीच्या आवरणातले सोडियम बाहेर काढणारे पंप बंद पडतात. ग्लुटामेट हे एरवी कामाचे असलेले रसायन बाहेर साचते आणि त्याच्या माऱ्याने पेशीत कॅल्शियम घुसते. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया बिघडतात, आणि काही तासांनी रोगप्रतिकारक पेशी गोळा होऊन दाह सुरू करतात. या सगळ्यात पेशी निष्क्रिय बसलेली नसते. तिच्यापाशी तगून राहण्याची सामग्री असते, तशीच स्वतःला शिस्तीत संपवून टाकण्याचीही असते. कोणती प्रथिने तयार करायची आणि कोणती थांबवायची, यावर तिचा कल कोणत्या बाजूला जाणार हे बरेचसे अवलंबून असते. आणि प्रथिननिर्मितीवर लगाम ठेवण्याचे काम स्वतः प्रथिन न घडवणारे हे आरएनए करतात.

एक उदाहरण देतो. मिर-१८१ नावाचा मायक्रोआरएनए पेशीला तारणाऱ्या काही प्रथिनांची निर्मिती दाबतो. त्यांतले एक प्रथिन विस्कटलेल्या प्रथिनांची घडी नीट बसवते, तर दुसरे पेशीच्या आत्मनाशाला आवर घालते. उंदरांमध्ये मेंदूची वाहिनी बंद करून पाहिल्यावर असे आढळले की मेलेल्या गाभ्यात मिर-१८१ वाढलेला असतो आणि उपच्छायेत तो घटलेला असतो; म्हणजे जेथे पेशी झुंजत आहेत तेथे हा लगाम सैल झालेला दिसतो. त्याला निकामी करणारा प्रतिरेणू दिल्यावर उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाली. आपल्या सासऱ्यांच्या मेंदूतही अशा प्रकारची ओढाताण झाली असणार. तिचा निकाल त्यांच्या बाजूने लागण्यासाठी जे करता येण्यासारखे होते, म्हणजे वाहिनी लवकर मोकळी करणे, ते आपण वेळेत केले.

प्रश्न : मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. डीएनएपासून एम-आरएनए, हे प्रतिलेखन, आणि एम-आरएनएपासून प्रथिन, हे भाषांतरण, असे फळ्यावर लिहून दिले. प्रथिन घडवत नाही तो आरएनए हवा तरी कशाला? पूर्वी त्याला कचरा म्हणत असत ना? (निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, नॉनकोडिंग, म्हणजे प्रथिन न घडवणारा आरएनए आपणही तीस वर्षे शिकवतच होता. भाषांतरणाच्या वेळी अमिनो आम्ल वाहून आणणारा टी-आरएनए आणि रायबोसोमचा गाभा असलेला आर-आरएनए यांपैकी कशापासूनच प्रथिन तयार होत नाही, आणि तरी त्यांच्यावाचून एकही प्रथिन तयार होत नाही. कचरा हा शब्द खरे तर डीएनएसाठी वापरला जात असे. माणसाच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या (म्हणजे एकापुढे एक गुंफलेल्या रासायनिक घटकांच्या) जनुकसंचात प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोनेक टक्केच आहे, म्हणून उरलेल्याला ते नाव पडले. मला तो शब्द कधीच आवडला नाही, परंतु उरलेले सगळेच मोलाचे आहे असे ठरवून टाकणेही मला तितकेच घाईचे वाटते. त्यातल्या पुष्कळ भागाच्या आरएनए प्रती निघतात, आणि त्यांपैकी काहींना निश्चित काम आहे, एवढे ठामपणे म्हणता येते.

ही गोष्ट एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीपासून सुरू झाली. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की या कृमीतले लिन-४ नावाचे जनुक प्रथिन घडवतच नाही. त्यापासून जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए निघतो, तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या एम-आरएनएला जाऊन चिकटतो आणि त्याचे भाषांतरण रोखतो. पुढची सात वर्षे बहुतेकांनी ही त्या कृमीची लकब मानली. २००० साली लेट-७ हा तसाच दुसरा रेणू सापडला आणि तो माणसापर्यंत असंख्य प्राण्यांत आहे असे दिसल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले. आज माणसात असे हजाराहून अधिक मायक्रोआरएनए माहीत आहेत. एम-आरएनएशी जुळणी पक्की होण्यासाठी मायक्रोआरएनएच्या सुरुवातीची सहा ते आठ अक्षरे पुरतात, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर लगाम ठेवू शकतो. मेंदूच्या संरक्षणाच्या दृष्टीने त्याची ताकद यातच आहे आणि अडचणही यातच आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

२०० अक्षरांहून लांब असलेले आरएनए हे वेगळे कुटुंब आहे. त्यातला मालॅट-१ उंदरांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झटक्यानंतर सांभाळतो असे दिसले आहे, तर एच-१९ दाह वाढवतो आणि तो कमी केल्यावर उंदरांची हानी घटते. तिसरे कुटुंब मला सर्वांत मजेशीर वाटते : वर्तुळाकार आरएनए. आरएनए खाऊन टाकणारी बरीचशी विकरे टोकापासून सुरुवात करतात, आणि वर्तुळाला टोकच नसते, म्हणून हे रेणू पेशीत दीर्घकाळ टिकतात. सीआयआरएस-७ या वर्तुळावर मिर-७ या मायक्रोआरएनएला बसण्यासाठी सत्तरहून अधिक जागा आहेत. संशोधक अशा रेणूला स्पंज म्हणतात. आपल्या पिढीला टीपकागद म्हटले तर अधिक लवकर कळेल. सांडलेली शाई टीपकागद शोषून घेतो त्याप्रमाणे हे वर्तुळ मायक्रोआरएनए शोषून घेते, आणि मायक्रोआरएनए अडकला की त्याने दाबून ठेवलेली प्रथिने पुन्हा तयार होऊ लागतात. २०१८ मध्ये अशा दोन वर्तुळांवर निबंध आले. डीएलजीएपी-४ या जनुकाचे वर्तुळ झटक्यानंतर रुग्णांच्या रक्तात घटते, आणि उंदरांत ते वाढवल्यावर हानी कमी होते. एचईसीटीडी-१ चे वर्तुळ उलट वाढते, आणि उंदरांत ते कमी केल्यावर फायदा होतो.

प्रश्न : उंदरांमध्ये एवढे यश मिळते तर रुग्णालयात याचे औषध का नाही? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, औंध)

उत्तर : त्यासाठी उंदरातील यश प्रत्यक्षात कसे दिसते ते आधी पाहावे लागेल. भूल दिलेल्या उंदराच्या मानेतील धमनीतून नायलॉनचा एक बारीक तंतू वर सरकवतात आणि मेंदूतील मधली मोठी वाहिनी त्याने बंद करतात. बहुधा तास-दीड तासाने तंतू काढून घेतात, म्हणजे रक्त पुन्हा वाहू लागते. दुसऱ्या दिवशी मेंदू बाहेर काढून त्याचे दोन-दोन मिलिमीटर जाडीचे काप करतात आणि ते टीटीसी नावाच्या द्रावणात बुडवतात. जिवंत पेशींतील विकरे त्या रंगहीन द्रावणापासून लाल रंग तयार करतात; मेलेल्या भागात ती विकरे चालत नाहीत. थोड्या वेळाने ताटलीत विटेसारखे लाल काप दिसतात, आणि प्रत्येकाच्या एका बाजूला पांढरा डाग. औषध दिलेल्या उंदरात तो डाग लहान झाला की निबंधात लिहिले जाते : संरक्षण मिळाले.

प्रयोग चोख असतो, पण तो उंदीर तरुण असतो, त्याला मधुमेह किंवा रक्तदाब नसतो, तंतू कोणत्या मिनिटाला घातला हे माहीत असते आणि औषध अनेकदा झटक्याच्या आधीच दिलेले असते. आपल्याकडे येणारा रुग्ण पासष्टीचा असतो, वीस वर्षांचा रक्तदाब घेऊन येतो आणि झटका नक्की केव्हा आला हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. २००६ मध्ये झालेल्या एका मोजणीत झटक्यावर प्रयोगशाळेत किंवा माणसांत अजमावलेल्या उपचारांची संख्या १,०२६ भरली होती. मेंदूच्या पेशींना थेट वाचवणारे म्हणून सर्वत्र मान्य झालेले औषध त्यांतून हाती लागले नाही. एनएक्सवाय-०५९ या औषधाने माणसांवरील पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दाखवली, आणि तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. या क्षेत्रातल्या माणसांची जीभ पोळलेली आहे, म्हणून ती ताकही फुंकून पितात. त्यांना दोष देता येत नाही.

आरएनएच्या स्वतःच्या अडचणी याहून वेगळ्या आहेत. मिर-१२४ हा मेंदूत विपुल असणारा मायक्रोआरएनए घ्या. काही प्रयोगांत तो वाढवल्यावर उंदरांचा मेंदू वाचला, तर काहींत तो दाबल्यावर. दोन्ही निष्कर्ष प्रामाणिक असू शकतात, कारण तो चेतापेशीत एक काम करतो आणि मेंदूतील रक्षक पेशींत, म्हणजे मायक्रोग्लियात, दुसरे. तेथे तो दाह भडकवणाऱ्या पेशींना डागडुजी करणाऱ्या वळणावर आणतो. पहिल्या तासात जे हितकर असते तेच तिसऱ्या दिवशी अपायकारक ठरू शकते. शेकडो जनुकांवरचा लगाम आपण ओढतो तेव्हा त्यांतली पाच-दहाच आपल्या ओळखीची असतात. पुढील दहा वर्षांत अमुक रेणू सापडला या बातम्यांपेक्षा, कोणत्या पेशीत आणि कितव्या तासाला, याची उत्तरे शोधणारी कामे मला अधिक महत्त्वाची वाटतात.

पोहोचवण्याचा प्रश्न तर आहेच. रक्तात सोडलेला उघडा आरएनए काही मिनिटांत तुटतो, आणि टिकला तरी रक्त व मेंदू यांमधला अडसर त्याला सहजी आत घेत नाही. झटक्यामुळे तो अडसर स्वतःच गळका होतो हे खरे, पण गळतीवर भिस्त ठेवून मात्रा ठरवता येत नाही. मणक्यातून मेंदूजलात औषध सोडण्याची वाट आहे. स्नायू क्षीण करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावरचे नुसिनर्सेन हे आरएनएवर काम करणारे औषध २०१६ पासून तसेच दिले जाते. परंतु गुठळी विरघळवणारे औषध ज्याच्या रक्तात आहे त्याच्या पाठीत सुई घालणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरॅन हे जनुक दाबणाऱ्या लहान आरएनएचे (एसआयआरएनएचे) पहिले औषध यकृतात काम करते, कारण मेदाच्या कणांत गुंडाळलेला आरएनए यकृत आपणहून उचलते. मायक्रोआरएनएची नक्कल असलेले मान्य औषध अद्याप एकही नाही. कर्करोगासाठी मिर-३४ ची नक्कल माणसांना दिली गेली होती. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

आता मला स्वतःला उत्सुकता वाटणारे एक काम सांगतो. पेशी आपल्या अंगातून सूक्ष्म पुटिका बाहेर सोडत असतात, त्यांना एक्झोसोम म्हणतात. रेबीजचा विषाणू चेतापेशींत शिरण्यात वाकबगार असतो. त्याच्या आवरणातील प्रथिनाचा एक निरुपद्रवी तुकडा पुटिकेवर बसवला की ती मेंदूकडे वळते. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी अशा पुटिकांत एससीएमएच-१ जनुकाचे वर्तुळाकार आरएनए भरून झटका आलेल्या उंदरांना आणि माकडांना दिले, आणि दोहोंच्या हालचालींत सुधारणा दिसली. माकडाचा मेंदू आपल्या मेंदूच्या बराच जवळचा असल्याने या कामाचे वजन नुसत्या उंदरांवरील कामापेक्षा अधिक आहे. तरीही गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला १९९५ साली मिळाला तसा मोठ्या मानवी चाचणीचा पुरावा त्यामागे अजून उभा नाही.

प्रश्न : वडिलांना झटका येऊन आठ महिने झाले. डावा हात अजून चालत नाही. एका दवाखान्याने एक्झोसोमच्या सलाईनने मेंदूच्या पेशी पुन्हा तयार होतील असे सांगून साडेतीन लाख रुपये मागितले आहेत. आपल्या लेखात आरएनएचा उल्लेख होता म्हणून विचारतो, घ्यावे का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : घेऊ नये. वर ज्या पुटिकांचे वर्णन केले आहे त्या प्रयोगशाळेत विशिष्ट आरएनए भरून, विशिष्ट पत्ता लावून आणि मोजून दिलेल्या होत्या. दवाखान्याच्या बाटलीत काय आहे, कोणत्या पेशींपासून काढले आहे आणि त्यात कोणता आरएनए किती आहे, हे आपल्याला कोणी लिहून देणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच एक्झोसोमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अमान्य उत्पादनांबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती. आपल्याकडे याला जवळच्या, मूळपेशींच्या उपचारांबाबत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : सिद्ध झालेल्या मोजक्या आजारांखेरीज हे उपचार केवळ नोंदणीकृत चाचणीतच देता येतात.

त्या दवाखान्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, या उपचाराचा नोंदणी क्रमांक कोणता? आणि ही चाचणी असेल तर तीत भाग घेणाऱ्याकडून पैसे कसे घेतले जातात? मला आलेल्या अशाच एका पत्रातील गृहस्थांनी हे दोन प्रश्न विचारल्यावर पलीकडून रक्कम दोन लाखांवर आली. उत्तर म्हणून तेवढे पुरेसे होते.

आठ महिन्यांनंतर हातात सुधारणा होतच नाही, हे मात्र खरे नाही. ती हळू होते आणि सरावाने होते. वडील सध्या किती व्यायाम करतात हे आपण लिहिलेले नाही. आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट येऊन हात हलवून जात असेल तर ते फार थोडे आहे. चहाचा कप धरणे, शर्टाचे बटण लावणे, पोळीचा तुकडा मोडणे, अशी ठरावीक कामे त्यांनी स्वतः त्याच हाताने रोज पुष्कळ वेळा करायला हवीत.

प्रश्न : रक्तातील मायक्रोआरएनए तपासून झटका ओळखता येईल का? (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, चिंचवड)

उत्तर : तत्त्वतः येईल, कारण हे रेणू प्रथिनांना चिकटून किंवा पुटिकांत बसून रक्तात बऱ्यापैकी टिकतात, आणि झटक्यानंतर त्यांतल्या काहींचे प्रमाण बदलते. पण आपण रोज नमुने हाताळता, तेव्हा पहिली अडचण आपल्याला ठाऊक असेल : नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतले मायक्रोआरएनए मिसळून आकडे बिघडतात. दुसरी अडचण वेळेची आहे. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅन काही मिनिटांत सांगतो, तर मायक्रोआरएनए मोजणाऱ्या पीसीआर तपासणीला तास लागतात, आणि मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. पुढे रुग्ण किती सावरेल याचा अंदाज बांधण्यासाठी ही तपासणी कधीतरी उपयोगी पडेल असे मला वाटते.

प्रश्न : हे सगळे प्रयोग नरांवरच का? बायकांना झटका येत नाही का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : येतो, आणि उतारवयात पुष्कळ येतो. माद्यांतील संप्रेरकांच्या चढउतारांमुळे निष्कर्ष विस्कळीत होतील या समजुतीने प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे नर वापरले. त्याची किंमत काय असते ते २०१२ च्या एका कामातून दिसते. लेट-७ कुटुंबातील लेट-७एफ या रेणूला निकामी करणारे द्रव्य झटका आलेल्या उंदरांना दिले गेले. अंडाशय शाबूत असलेल्या माद्यांत त्याने मेंदूची हानी कमी झाली, नरांत झाली नाही. हा प्रयोग नुसता नरांवर झाला असता तर तो रेणू निरुपयोगी ठरून फाईल बंद झाली असती. अमेरिकेतील सरकारी अनुदानासाठी २०१६ पासून नर-मादी हा घटक प्रयोगाच्या आराखड्यात विचारात घ्यावा लागतो. म्हाताऱ्या माद्यांवरचे प्रयोग मात्र अजूनही थोडेच होतात, कारण उंदीर म्हातारा होईपर्यंत दोन वर्षे पोसावा लागतो.